चर्चमधलं शुक्रवारचं ‘मीटलेस’ जेवण म्हणजे नेमकं काय असतं

अमेरिकेतल्या पिट्सबर्गला नवीन आलेलं कुणी ना कुणी दर फेब्रुवारीत हमखास विचारतं, की अहो शेजारच्या चर्चबाहेर बोर्ड लागलाय, शुक्रवारी संध्याकाळी मीटलेस सपर, सगळ्यांना आमंत्रण, तर आपण व्हेज माणसं जाऊ शकतो का, आणि गेलो तर कुणी धर्म बदलायला तर लावणार नाही ना. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नाही लावत. कॅथलिक व्हायचं म्हटलं तर उलट कित्येक महिने क्लासला जावं लागतं, एका वाटी सूपवर ते काम होत नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र जरा लांबलचक आहे. जाऊ शकता, जाच, पण मीटलेस म्हणजे शाकाहारी असं धरून गेलात तर तुमच्यापुढे पावाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबणारा तळलेला मासा येईल आणि वाढणाऱ्या आजी अगदी प्रेमाने सांगतील, घे रे बाळा, यात मीट नाहीये.

माझं अगदी हेच झालं होतं. मी पुण्याचा, आमच्याकडे अंडं उकडायचं तर आईचं वेगळं भांडं आणि तेसुद्धा गॅलरीत. शेजारच्या पोलिश आजींनी बोलावलं म्हणून गेलो आणि त्या माशाकडे बघत बसलो. बायको माझी मालवणची. तिने माझी प्लेट शांतपणे स्वतःकडे ओढली आणि म्हणाली, बरोबरच आहे की, मासे म्हणजे मांस कुठे?

गंमत म्हणजे ती जे बोलली तोच चर्चचा नियम आहे, आणि एवढं एक कळलं की बाकीचं सगळं आपोआप उलगडत जातं. चर्चची जुनी भाषा लॅटिन, त्यात ‘कारो’ म्हणजे मांस, आणि नियमात तो शब्द जमिनीवरच्या गरम रक्ताच्या जनावरांसाठी आणि पक्ष्यांसाठी धरला गेला. गाय, डुक्कर, बकरी, कोंबडी हे मांस. मासे, कोळंबी, खेकडे, शिंपल्या हे त्यात येत नाही. आपल्याला हे विचित्र वाटतं कारण आपल्या डोक्यात व्हेज आणि नॉनव्हेज असे दोनच कप्पे बसलेत, पण आपल्याच भाषेत बघा ना, आपण ‘मांस-मच्छी’ म्हणतो, ‘मटण-मासे’ म्हणतो. दोन्ही एकच असतं तर जोडशब्द कशाला लागला असता. म्हणजे नियम जीवहत्येबद्दल नाहीये. अहिंसा, सात्त्विक, तामसी यातलं काहीही त्यामागे नाही. नियम आहे एक आवडती, भारी, सणासुदीची गोष्ट ठरलेल्या दिवशी सोडण्याचा.

आता हे ठरलेले दिवस ज्या काळात येतात तो कोणता. इंग्रजीत लेंट म्हणतात, आमच्या ओळखीत एक वसईची मैत्रीण आहे, ती घरी मराठीच बोलते आणि ती याला उपवासकाळ म्हणते, प्रायश्चित्तकाळ असाही शब्द आहे. सुरुवात राखेच्या बुधवारी. त्या दिवशी फादर कपाळावर राखेने क्रूस काढतात, तू माती आहेस आणि मातीलाच मिळणार आहेस अशा अर्थाचं वाक्य म्हणतात, आणि ही राख बहुतेक ठिकाणी आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, वाटलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. ऑफिसात त्या दिवशी कुणाच्या कपाळावर काळा डाग दिसला तर कृपा करून टिश्यू देऊ नका. मी दिलाय, म्हणून सांगतो.

तिथून ईस्टरपर्यंत, म्हणजे येशू पुन्हा जिवंत झाला त्या सणापर्यंत, ४० दिवस, असं म्हणतात. पण कॅलेंडरवर मोजायला गेलात तर ४६ भरतात. २०२६ चं घ्या, राखेचा बुधवार १८ फेब्रुवारी, ईस्टर ५ एप्रिल, मधे ४६ दिवस. यातले सहा रविवार वजा करायचे कारण प्रत्येक रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, आणि त्या दिवशी उपास धरत नाहीत, मग बरोबर ४० उरतात. हा आकडा येशूने वाळवंटात ४० दिवस उपास केला त्यावरून आलाय. आणि दरवर्षी तारीख का सरकते हे आपल्याला समजावायला फार कष्ट नकोत, कारण ईस्टरही चंद्रावरच चालतो. २१ मार्च किंवा त्यानंतरची जी पहिली पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मधे कुठेही येतो आणि लेंट त्याच्या मागे मागे फिरतं. (ही पौर्णिमा चर्चच्या स्वतःच्या गणिताने काढलेली असते, आकाशातल्या चंद्राशी एखादा दिवस मागेपुढे होऊ शकते. पंचांगकर्त्यांची भांडणं आठवली ना.)

उपास आणि मांस सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इथेच सगळ्यांचा गोंधळ उडतो. मांस सोडायचं ते राखेच्या बुधवारी आणि लेंटमधल्या प्रत्येक शुक्रवारी, वयाची १४ वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाने. खरा उपास मात्र फक्त दोन दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, म्हणजे ईस्टरच्या आधीचा शुक्रवार, तोही १८ ते ५९ वयाच्या लोकांना. त्यातही उपास म्हणजे काही न खाणं नव्हे, एक वेळ पोटभर जेवण आणि हवं तर दोन वेळा थोडंसं, पण ते दोन्ही थोडंसं मिळून एका जेवणाएवढं होता कामा नये. आजारी माणसं, गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया यांना सूट. आणि शुक्रवारीच एखादा मोठा सण आला तर मांस चालतं, जसं २०२२ मधे २५ मार्चला देवदूताने मरियेला निरोप दिल्याचा सण नेमका शुक्रवारी आला होता. शुक्रवारच का, तर येशूला क्रुसावर दिलं तो शुक्रवार होता.

म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर दोन दिवस कडक एकादशी, बाकीचे शुक्रवार श्रावणातल्या सोमवारसारखे, आणि मधे बरेच लोक आपापलं काहीतरी सोडतात, कुणी चॉकलेट, कुणी दारू, कुणी इन्स्टाग्राम. केरळचे सिरो-मलबार कॅथलिक आणखी कडक, त्यांच्यात ५० दिवसांचा नोंबू असतो आणि बरीच घरं तेवढे दिवस मांस-मासे-अंडी सगळंच बंद ठेवतात. पिट्सबर्गमधेही पूर्व युरोपातून आलेल्या बायझंटाइन कॅथलिकांचं गणित वेगळं आहे, त्यांचा उपासकाळ बुधवारी नाही तर आदल्या सोमवारीच सुरू होतो आणि ते शुक्रवारबरोबर बुधवारही पाळतात. एकाच पोपच्या छत्राखाली असे प्रकार आहेत, त्यामुळे ‘कॅथलिक लोक असं असं करतात’ असं ठामपणे सांगणाऱ्यापासून जरा जपून.

एकेकाळी हे सगळं फार कडक होतं. मध्ययुगात युरोपात लेंटमधे मांसाबरोबर दूध, लोणी, चीज, अंडी हेही बंद असायचं, आणि जेवण दिवसातून एकदाच, तेही दिवस कलल्यावर. मग ते जेवण हळूहळू अलीकडे सरकत आलं. इंग्रजीतला ‘नून’ हा शब्द मुळात दिवसाच्या नवव्या तासाचा, म्हणजे दुपारी तीनचा, तीनची प्रार्थना झाली की खायचं, आणि भुकेल्या लोकांनी ती वेळ बाराला आणून ठेवली असं म्हणतात. मला हे फार आवडतं, माणूस सगळीकडे सारखाच. आपल्याकडे चंद्रोदय बघायला गच्चीवर पळणारी पोरं आणि हे.

आणि बंदी आली की आदल्या दिवशी फडशा हा आलाच. घरातली अंडी, लोणी, चरबी संपवायला हवी म्हणून इंग्लंडात आदल्या मंगळवारी पॅनकेक, आमच्या पिट्सबर्गच्या पोलिश लोकांत पोंचकी, म्हणजे आत जॅम भरलेले जाडजूड डोनट, शेजारच्या आजी दरवर्षी डझनभर आणून देतात. गोव्यात याच दिवसांत कार्निव्हल, कोकणीत त्याला इंत्रूज म्हणतात, शनिवार ते मंगळवार चार दिवस किंग मोमो या लुटुपुटूच्या राजाचं राज्य आणि बुधवारी कपाळाला राख. कार्निव्हल या शब्दाच्या पोटातसुद्धा तेच लॅटिन मांस आहे, मांस बाजूला ठेवणं असा त्याचा अर्थ लावतात. आपल्याकडची गटारी अमावस्या आठवा, तंतोतंत हाच हिशोब. सूट विकत घेण्याचीही सोय होती बरं का. फ्रान्समधे रुआँच्या कॅथेड्रलचा एक मनोरा आहे, त्याला आजही लोण्याचा मनोरा म्हणतात, कारण लेंटमधे लोणी खायची परवानगी मिळावी म्हणून लोकांनी दिलेल्या पैशांतून तो उभा राहिला असं सांगतात.

मांसच का, या प्रश्नावर तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या मोठ्या धर्मपंडिताने अगदी सरळ लिहिलंय, की जमिनीवरच्या जनावरांचं मांस माणसाला जास्त चवदार लागतं, जास्त पोसतं आणि त्यामुळे वासनाही जास्त चेतवतं. थोडक्यात आपली आजी कांदा-लसणाबद्दल जे म्हणायची तेच. शिवाय मांस म्हणजे मेजवानीचं खाणं, श्रीमंताचं खाणं. मासा त्या मानाने साधा. आज हे गणित उलटंपालटं झालंय, अमेरिकेत कोंबडी सगळ्यात स्वस्त आणि चांगला मासा महाग, तरी शुक्रवारी दोन डॉलरचा चिकन बर्गर खाल्ला तर नियम मोडला आणि पन्नास डॉलरचा लॉबस्टर खाल्ला तर पाळला. चर्चवालेही हे मान्य करतात, प्रवचनात फादर दरवर्षी चिमटा काढतात की लॉबस्टर खाऊन प्रायश्चित्त होत नाही बाबांनो.

पण आपण फार हसू नये. आपल्याकडे उपासाला भात चालत नाही आणि साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची आमटी, वर मिरची हे सगळं चालतं, आणि बटाटा, शेंगदाणा, मिरची तिन्ही मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर आपल्याकडे पोचलेले, बटाटा हा शब्दसुद्धा त्यांचाच. म्हणजे जे लोक स्वतः शुक्रवारी मांस सोडत होते त्यांनी आणलेल्या जिनसांवर आपण एकादशी करतो. आणि एकादशी दुप्पट खाशी ही म्हण काही त्यांनी आपल्याला दिलेली नाही.

मासा म्हणजे काय यावरही लोकांनी भरपूर डोकं चालवलंय. सतराव्या शतकात कॅनडातल्या क्वेबेकच्या बिशपना प्रश्न पडला की पाण्यात राहणारा बीव्हर खायचा का, आणि निकाल लागला की चालेल. व्हेनेझुएलात कॅपीबारा नावाचा डुकराएवढा उंदरासारखा प्राणी लेंटमधे आवडीने खातात, तोही पाण्यातला म्हणून. २०१० मधे न्यू ऑर्लिन्सच्या आर्चबिशपनी लेखी कळवलं की मगरीच्या जातीचा ॲलिगेटर माशांत धरायला हरकत नाही. मालवणच्या आमच्या सासूबाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग आमच्या तिसऱ्यांनी (म्हणजे शिंपल्यांनी) काय घोडं मारलंय, त्या तर चालणारच.

बरं, जेवणाकडे येतो. चर्चमधल्या या जेवणांचे दोन प्रकार असतात आणि बोर्डवर नीट बघितलं तर कळतं.

एक फिश फ्राय. पिट्सबर्ग म्हणजे पोलाद कारखान्यांचं गाव, त्यात कामाला आलेले पोलिश, स्लोव्हाक, इटालियन, आयरिश सगळे कॅथलिक, त्यामुळे लेंट लागला की शुक्रवारी अख्ख्या गावात तेलाचा वास सुटतो. कॉड माशाचा तो अवाढव्य सँडविच, कोबीचं कोलस्लॉ, मॅकरोनी-चीज, कोबी आणि नूडल्स लोण्यात परतलेलं हलुश्की, आणि पिरोगी. पिरोगी म्हणजे बटाटा-चीजचं सारण भरलेल्या मैद्याच्या करंज्याच समजा, उकडून मग लोणी-कांद्यावर परततात. आठवड्यात एक-दोन दिवस चर्चच्या तळघरात आज्या जमून शेकड्याने वळतात, आपल्याकडे दिवाळीआधी बायका जमून करंज्या करायच्या तसंच, गप्पा पण तशाच, सून या विषयाला मरण नाही. चर्च सोडून गावातली स्वयंसेवी अग्निशमन दलं पण फिश फ्राय करतात, आणि कुठे कुठे आहे याचा ऑनलाइन नकाशा दरवर्षी हौशी लोक बनवतात. हे मुळात पैसे उभे करण्याचं साधन आहे, छप्पर गळतंय, बॉयलर बदलायचाय, शाळेला हवेत. २०१८ मधे इथल्या डायोसिसने, म्हणजे बिशपच्या धर्मप्रांताने, माणसं आणि फादर दोन्ही कमी पडायला लागले म्हणून १८८ धर्मग्रामांचे (पॅरिशांचे) ५७ गट केले, काही इमारती बंद झाल्या, तरी जिथे हॉल टिकला तिथे फ्रायरही टिकलाय.

विस्कॉन्सिनमधे तर हा प्रकार चर्चबाहेर बारमधे गेला. तिथे जर्मन आणि पोलिश वस्ती, शेजारी मोठमोठी तळी, मासा स्वस्त, आणि १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हा बारवाल्यांनी गिऱ्हाईक टिकवायला शुक्रवारचे तळलेले मासे धरले. आज तिथे वर्षभर शुक्रवारी फिश फ्राय खातात, लेंट असो नसो.

वर्षभर यालाही कारण आहे. १९६६ पर्यंत कॅथलिकांना वर्षातला प्रत्येकच शुक्रवार बिनमांसाचा होता. त्या वर्षी फेब्रुवारीत पोप सहावे पॉल यांनी नियम सैल केले, देशोदेशीच्या बिशपांना मोकळीक दिली, आणि नोव्हेंबरात अमेरिकन बिशपांनी जाहीर केलं की लेंटमधले शुक्रवार सक्तीचे, बाकीच्या शुक्रवारी मांस सोडणं ज्याचं त्याने ठरवावं. त्याच्या चार वर्षं आधीची गोष्ट, सिनसिनाटीत लू ग्रोएन नावाच्या माणसाचं मॅकडॉनल्ड्स होतं, आसपास वस्ती बहुतेक कॅथलिक, शुक्रवारी बर्गर कोण खाणार, धंदा झोपायचा. त्याने माशाचा सँडविच काढला. कंपनीचे मोठे साहेब रे क्रॉक यांची वेगळीच कल्पना होती, पावात अननसाची चकती आणि चीज, नाव हुला बर्गर. १९६२ च्या गुड फ्रायडेला दोघांची शर्यत लागली, ग्रोएनचे ३५० सँडविच गेले आणि अननसाचा पार धुव्वा उडाला. आज आपण खातो ते फिले-ओ-फिश तेच. म्हणजे मुंबईच्या मॉलमधल्या त्या माशाच्या सँडविचमागे लेंटचा शुक्रवार आहे.

दुसरा प्रकार सूप सपर, आणि खरं सांगू का, मला हाच जास्त आवडतो, मासे मी खात नाही हे त्यामागचं एकमेव कारण नाही. इथे तिकीट नसतं, बोर्डावर एक कागद लावलेला असतो, ज्याला जमेल त्याने नाव लिहायचं आणि घरून एक पातेलं सूप आणायचं. लांब टेबलावर सात-आठ इलेक्ट्रिक भांडी ओळीने, प्रत्येकावर चिठ्ठी, टोमॅटो, मसूर, बटाटा-लीक, ब्रोकोली-चीज, शिंपल्यांचं चाउडर म्हणजे दाट सूप. पाव, पाणी, कॉफी. गोड नाही, किंवा असलं तर कुणीतरी दोषी चेहऱ्याने आणलेली बिस्किटं. टोपलीत वाटेल ते पैसे टाकायचे. बहुतेक ठिकाणी जेवणाआधी किंवा नंतर क्रुसाची वाट असते, म्हणजे चर्चच्या भिंतींवर येशूच्या शेवटच्या प्रवासाची १४ चित्रं किंवा शिल्पं असतात, प्रत्येकापाशी थांबून प्रार्थना. ही प्रथा जेरुसलेमला जाऊ न शकणाऱ्यांसाठी फ्रान्सिस्कन साधूंनी रुजवली आणि १४ हा आकडा १७३१ मधे पक्का झाला. ज्याला पंढरपूर लांब पडतं तो गावातल्या विठ्ठलाला जातो, तसं. आमची वसईची मैत्रीण पहिल्यांदा इंग्रजीतून बसली तेव्हा म्हणाली, सगळं कळलं पण रडू आलं नाही, रडू मराठीतूनच येतं.

पुठ्ठ्याची छोटी डबी दिसेल टेबलावर, तिला राइस बोल म्हणतात. ही आमच्याच पेनसिल्व्हेनियातली, १९७५ ला ॲलनटाउनमधे आफ्रिकेतल्या दुष्काळासाठी सुरू झाली, आता देशभर असते. घरी साधं जेवायचं, त्या दिवशी मांसाचे जे पैसे वाचले ते डबीत टाकायचे, जमा झालेल्यातले ७५ टक्के कॅथलिक रिलीफ सर्व्हिसेस या मदतसंस्थेमार्फत परदेशातल्या कामाला जातात आणि २५ टक्के आपल्याच भागातल्या भुकेल्यांसाठी राहतात. आणि ही डबी बघितल्यावर मला त्या नियमाचा अर्थ लागला. तोपर्यंत मी कॉलेजातल्या पोरासारखा वाद घालत होतो, मासा चालतो तर कोंबडी का नाही, मगर चालते म्हणजे काय. शेजारच्या आजी एवढंच म्हणाल्या, अरे काय सोडलं याच्याशी काही नाही, जे सोडलंस ते कुणाच्या ताटात गेलं ते विचार. त्यांच्या लहानपणी वडील संपावर असताना शुक्रवार आणि सोमवार यात काही फरकच नव्हता म्हणे, मांस कुठल्याच दिवशी नव्हतं, पण शुक्रवारी निदान सगळं गावच आपल्यासारखं जेवतंय असं वाटायचं.

आता व्हेज लोकांसाठी कामाची माहिती, कारण विचारणारे तेच असतात. सूप मीटलेस लिहिलेलं असलं तरी चिकनच्या पाण्यात केलेलं असू शकतं, आणि याला ते लबाडी समजत नाहीत, कारण नियमाने मांस बंद आहे, मांसाचा रस्सा किंवा चरबीची फोडणी तांत्रिकदृष्ट्या बंद नाही, जरी बरेच लोक तेही टाळतात. म्हणून ‘इज इट मीटलेस’ विचारू नका, उत्तर हो येईल. ‘कशाच्या पाण्यात केलंय, भाजीच्या की चिकनच्या’ असं विचारा. शिंपल्यांचं चाउडर पांढरंशुभ्र असतं, बटाट्याच्या सूपसारखंच दिसतं, चिठ्ठी वाचा. फिश फ्रायला फ्रेंच फ्राइज आणि मासे बऱ्याचदा एकाच तेलात तळतात. पिरोगी, हलुश्की बहुतेक वेळा चालतात, फक्त बेकन घातलंय का विचारून घ्या, लेंटमधल्या शुक्रवारी नसतंच म्हणा. जैन मित्रांना घेऊन जात असाल तर सफरचंद बरोबर ठेवा.

जेवणाआधी प्रार्थना होते, तेवढा वेळ चमचा खाली ठेवून उभं राहायचं, क्रूस काढायची जरुरी नाही, कुणी बघत नाही. शेजारी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, असेल तर तुम्ही मागच्या बाकावर बसू शकता, पण कम्युनियन म्हणजे ख्रिस्तशरीर घ्यायला रांगेत जाऊ नका, ते प्रसादासारखं सगळ्यांना वाटत नाहीत, फक्त कॅथलिकांसाठी आहे. हे सांगायचं कारण आपल्याला सवय अशी की देवळात कुणी हातावर काही ठेवलं तर नाही म्हणायचं नसतं. आमचा एक मित्र असाच रांगेत पोचला, फादरनी त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ बघून डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि पुढे पाठवला. हॅपी लेंट म्हणू नका, लेंट हॅपी नसतं. आणि रोख पैसे न्या.

दुसऱ्या वर्षी आजींनी मला त्या कागदावर नाव लिहायला लावलं. मी म्हटलं मला सूप येत नाही, त्या म्हणाल्या तुझ्या घरातून ज्याचा वास येतो ते आण. म्हणून चिंच-गुळाची तुरीची आमटी नेली, हिंग निम्माच घातला, मिरची जवळजवळ नाही. चिठ्ठीवर काय लिहावं कळेना, बायकोने ‘यलो लेंटिल’ लिहिलं. तिथल्या एका काकांनी तेवढ्यात विचारलं की लेंट आणि लेंटिल यांचा काही संबंध आहे का, तर नाही, लेंट हा वसंत ऋतूच्या जुन्या इंग्रजी शब्दातून आलाय, दिवस लांब होत जातात त्यावरून, आणि लेंटिल लॅटिनमधून. पण त्यांना संबंध आहे असंच वाटत राहिलं आणि पुढच्या शुक्रवारी ते दुसऱ्या कुणाला तसं सांगताना मी ऐकलं. पातेलं रिकामं झालं. आजींनी तळाशी उरलेलं पावाने पुसून खाल्लं आणि म्हणाल्या, हे फार चांगलं आहे, प्रायश्चित्ताला चालणार नाही.

यंदा कागदावर माझं नाव त्यांनीच लिहून ठेवलंय, सहापैकी तीन शुक्रवारांना.